न लागणारं दार: ‘डॉक्टर हू’ १९६३ साली कशी घडली

२७ सप्टेंबर १९६३, शुक्रवार. पश्चिम लंडनमधल्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओच्या ‘डी’ फ्लोअरवर बीबीसीच्या एका नव्या मालिकेच्या पहिल्या भागाचं मुद्रण, म्हणजे व्हिडिओटेपवर रेकॉर्डिंग, चालू होतं. प्रसंग असा: एका शाळेतले दोन शिक्षक आपल्या विद्यार्थिनीचा माग काढत भंगाराच्या आवारात येतात, तिथे उभ्या असलेल्या निळ्या पोलीस बॉक्समध्ये घुसतात, आणि कपाटाएवढ्या त्या खोक्याच्या आत त्यांना दालनाएवढं यान दिसतं. नट आत शिरले. आता यानाचं दार मागे बंद व्हायला हवं होतं. ते बंद होईना. इकडे संवाद चाललेत आणि मागे दाराची झापं हलतायत, आदळतायत.

आजचा प्रेक्षक सहज विचारेल, एवढंच ना? ‘कट’ म्हणायचं, दार नीट करायचं आणि तेवढा शॉट पुन्हा घ्यायचा. पण तेवढाच शॉट पुन्हा घेणं ही सोय त्या मंडळींकडे जवळजवळ नव्हतीच. पुन्हा घ्यायचं म्हणजे यानातला प्रसंग पहिल्यापासून खेळायचा, सगळ्या संवादांसकट, सगळ्या हालचालींसकट. असं का, हे एकदा कळलं की ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं जवळपास सगळं काही उलगडतं: तिचा वेग, तिचे आवाज, तिचे राक्षस, तिच्यातल्या चुकासुद्धा. म्हणून या लेखात कथानकापेक्षा त्या शुक्रवारबद्दलच जास्त सांगायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सिडनी न्यूमन हे मूळचे कॅनडाचे. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख म्हणून ते नुकतेच आले होते. शनिवारी संध्याकाळी ‘ग्रँडस्टँड’ हा खेळांचा कार्यक्रम संपायचा आणि थोड्या वेळाने ‘ज्यूक बॉक्स ज्यूरी’ हा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. मधल्या वेळेत घरातल्या लहानथोरांना एकत्र बसवून ठेवील असं काहीतरी हवं होतं. विज्ञानकथा चालेल का, याचा अभ्यास बीबीसीच्या पटकथा विभागाने १९६२ मध्येच करून ठेवला होता. त्यातून काळात आणि अवकाशात फिरणाऱ्या ‘डॉक्टर’ नावाच्या एका गूढ म्हाताऱ्याची कल्पना पुढे आली. सोबतीला एक शिक्षक विज्ञानाचा आणि एक शिक्षिका इतिहासाची, म्हणजे मुलांना गंमत वाटेल आणि चार गोष्टी कळतील. न्यूमन यांनी एक गोष्ट निक्षून सांगितली होती: बटाट्याएवढ्या डोळ्यांचे राक्षस या मालिकेत नकोत.

निर्मातीची जबाबदारी त्यांनी व्हेरिटी लॅम्बर्ट यांच्यावर टाकली. वय २७. बीबीसीच्या नाट्यविभागात त्या वेळी दुसरी कुणी स्त्री निर्माती नव्हती आणि इतक्या कमी वयाचा निर्माताही नव्हता. न्यूमन यांचा हा भरवसा हवेतला नव्हता. १९५८ मध्ये लॅम्बर्ट एबीसी या खासगी वाहिनीत निर्मिती-सहायक होत्या. एका नाटकाचं थेट प्रक्षेपण चालू असताना त्यातला एक तरुण नट कोसळला आणि मरण पावला. पुढचे प्रसंग त्याच्याशिवाय कसे उभे करायचे हे ठरवायला दिग्दर्शक धावत खाली फ्लोअरवर गेला, आणि नियंत्रणकक्षात बसून कॅमेऱ्यांना सूचना देण्याचं काम लॅम्बर्ट यांनी सांभाळलं. लाखो लोक बघत होते, प्रक्षेपण थांबलं नाही. असा प्रसंग निभावून नेलेल्या माणसाला शुक्रवारच्या रात्रीची भीती कितपत वाटणार?

पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन. लखनौत जन्मलेले, लेखिका आतिया हुसेन यांचे चिरंजीव, लहानपणीच इंग्लंडला गेलेले. वय २४. टायधारी पुरुषांनी भरलेल्या त्या संस्थेत एक तरुण स्त्री आणि एक तरुण भारतीय यांच्या हाती ही मालिका आली. दोघांनाही ठाऊक होतं की आपलं पाऊल घसरण्याची वाट बघणारे बरेच आहेत. मला ही मालिका जवळची वाटते त्याचं एक मोठं कारण हे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. शॉट पुन्हा का घेता येत नव्हता?

सिनेमात एका कॅमेऱ्याने एकेक शॉट घेतात. प्रत्येक शॉटसाठी दिवे बदलतात, दहा वेळा टेक घेतात, आणि नंतर संकलक तुकडे जोडतो. टेलिव्हिजनचा जन्म मात्र थेट प्रक्षेपणातून झाला. तिथे नाटकाचा प्रयोग व्हायचा तसाच स्टुडिओत प्रयोग व्हायचा, तीन-चार कॅमेरे तो एकाच वेळी टिपायचे आणि चित्र त्याच क्षणी घरोघर पोचायचं. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने व्हिडिओटेप यंत्र आणलं तेव्हा हा प्रयोग साठवून ठेवता येऊ लागला. पण साठवता आला म्हणून कापता आला असं नाही.

ती टेप दोन इंच रुंद होती. यंत्रात एक छोटं चाक गरागरा फिरायचं, त्यावर चार हेड बसवलेले, आणि ते टेपवर आडव्या रेघा मारत चित्र उमटवत जायचे. फिल्मची पट्टी उजेडात धरली तर चित्र दिसतं. टेपवर डोळ्यांना काहीही दिसत नाही, नुसती तपकिरी पट्टी. मग कापायचं कुठे? त्यासाठी लोखंडाची अतिसूक्ष्म पूड मिसळलेला द्राव टेपला लावायचा. चुंबकीय रेघांवर पूड चिकटली की सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसायच्या. दोन रेघांमधली नेमकी जागा शोधायची, धारदार पात्याने कापायचं, दुसरा तुकडा तितकाच अचूक कापायचा आणि चिकटवायचं. केसभर इकडेतिकडे झालं तर त्या जागी पडद्यावरचं चित्र उडी मारणार. शिवाय टेप महाग. बीबीसी ती पुसून पुन्हा वापरायची, आणि कापलेली टेप पुन्हा वापरण्याच्या लायकीची राहत नसे. म्हणजे कात्री लावणं वेळेच्या दृष्टीनेही महाग आणि पैशाच्या दृष्टीनेही. एका भागासाठी मंजूर झालेली रक्कम होती सुमारे २,३०० पौंड. अशा हिशोबात मुद्रण थांबवायची परवानगी भागागणिक मोजकीच असायची.

त्यामुळे भाग जवळपास थेट प्रक्षेपणासारखाच मुद्रित व्हायचा. सोमवारपासून तालमी. रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्ट्यांनी भिंती आणि दारं आखलेली, आणि नट त्या आखणीत फिरून हालचाली बसवायचे. शुक्रवारी सगळे स्टुडिओत. दिवसभर कॅमेऱ्यांसह तालीम, आणि रात्री साडेआठच्या सुमारास मुद्रण सुरू. सव्वा तासाच्या आसपास वेळ, त्यात २५ मिनिटांचा भाग. काही अवघड प्रसंग, हाणामाऱ्या वगैरे, आधीच ईलिंगच्या फिल्म स्टुडिओत चित्रित करून ठेवलेले असायचे, आणि मुद्रणाच्या वेळी त्या त्या जागी ती फिल्म चालवली जायची.

त्या सव्वा तासात काय चालायचं ते जरा जवळून बघू. फ्लोअरवर सेट एकमेकांना खेटून मांडलेले. इथे शाळेचा वर्ग, तिथे भंगाराचं आवार, पलीकडे यान. मधून जाडजूड केबलची शेपटी ओढत कॅमेरे फिरतात. वरच्या नियंत्रणकक्षात दिग्दर्शकासमोर प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र स्वतंत्र पडद्यावर दिसतं. शेजारी निर्मिती-सहायक शॉटचे क्रमांक मोठ्याने पुकारत असते, ते सगळ्या कॅमेरामनच्या कानात पोचतात. तिच्या बाजूला व्हिजन मिक्सर. दिग्दर्शकाने इशारा केला की त्याने बटण दाबायचं, आणि एकाऐवजी दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र टेपवर जायला लागतं. संकलन ते हेच, चालू प्रयोगात, तिथल्या तिथे. कॅमेरा क्रमांक दोनवर चित्र असेपर्यंत क्रमांक एकने पुढच्या सेटवर जाऊन पोचलं पाहिजे. नटानेही कधी कधी एका सेटवरचं वाक्य संपवून, कॅमेऱ्यांच्या मागून दबक्या पावलांनी दुसऱ्या सेटवर जाऊन उभं राहायचं, जणू तो तिथेच होता. आणि ‘डी’ फ्लोअर मुळात अपुरा, कोंदट. लाइम ग्रोव्ह ही जुन्या सिनेमा स्टुडिओची इमारत, बीबीसीने १९४९ मध्ये घेतलेली. दिव्यांची उष्णता इतकी व्हायची की आग विझवण्याचे फवारे आपोआप सुरू झाल्याच्या आठवणी मंडळींनी सांगितल्या आहेत.

डॉक्टरच्या भूमिकेतल्या विल्यम हार्टनेल यांच्या चुका या संदर्भात बघाव्यात. ते तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते, तब्येत पुढे ढासळतच गेली, आणि आठवड्याला एक नवा भाग पाठ करायचा. १९६५ च्या एका भागात ‘स्पेस’ म्हणायच्या ऐवजी त्यांच्या तोंडून ‘स्पेन’ गेलं. त्यांनी लगेच सावरलं आणि वाक्य पुढे नेलं, आणि ते तसंच प्रक्षेपित झालं. रंगमंचावर नट अडखळला तर आपण तिकिटाचे पैसे परत मागत नाही, प्रयोग रंगला की नाही ते बघतो. हार्टनेल यांचं काम त्याच नजरेने पाहिलं की त्यांची ताकद कळते. समोरचा नट विसरला आहे हे ओळखून त्याचं वाक्य स्वतःच्या वाक्यात गुंफून घेणं हेही त्या कलाकारांना रोज करावं लागे.

तर ते दार. सप्टेंबरचा तो भाग न्यूमन यांनी पाहिला आणि पसंत पडला नाही. दार हा त्यातला एक दोष. डॉक्टरही फार कडवट, तिरसट वाटत होता. पण त्यांनी मालिका गुंडाळली नाही, अख्खा भाग पुन्हा करायला सांगितलं. १८ ऑक्टोबरच्या शुक्रवारी तेच नट, तोच स्टुडिओ, नवं मुद्रण. या वेळी दार लागलं. डॉक्टरच्या अंगावरचा साधा सूट जाऊन जुन्या धाटणीचा कोट आला, बोलण्यात मिस्कील छटा आली. त्याची नात सूझन, म्हणजे शिक्षक जिचा माग काढत येतात ती विद्यार्थिनी, आधी स्वतःला एकोणपन्नासाव्या शतकातली म्हणायची. नव्या भागात ती नुसतं दुसऱ्या काळाची, दुसऱ्या जगाची म्हणते. आकडा गेला आणि गूढ वाढलं. माझ्या मते मालिकेतला हा सगळ्यात शहाणा बदल.

यानाचं आतलं दालन पीटर ब्राचाकी यांच्या आराखड्याचं. मधोमध षटकोनी टेबल, त्यावर खटके आणि दिवे, वर-खाली होणारा काचेसारखा खांब, आणि भिंतींवर गोल खळग्यांची रांग. षटकोनाचा फायदा व्यवहारी आहे: कॅमेरा कुठल्याही बाजूने आला तरी टेबलाभोवती नट उभे करता येतात. बाहेरचं रूप पोलीस बॉक्सचं ठेवणं हेही तसंच हुशारीचं. त्या काळी लंडनच्या रस्त्यांवर असे निळे बॉक्स होते, आत पोलीस ठाण्याशी जोडलेला फोन आणि वर दिवा. प्रेक्षकाने रोज पाहिलेली वस्तू, आणि बनवायला लाकडाचं एक खोकं पुरे. त्यातून यान म्हणून काय दाखवायचं हा मोठा खर्चाचा प्रश्न मिटला.

पण चित्रापेक्षाही या मालिकेने मला पकडलं ते आवाजाने. इथे थोडं थांबतो.

बीबीसीचा रेडिओफोनिक वर्कशॉप १९५८ मध्ये मेडा व्हेल इथल्या इमारतीत सुरू झाला होता. काम एकच: नाटकांसाठी अनोखे आवाज तयार करणं. शीर्षकसंगीताची चाल रॉन ग्रेनर यांनी लिहिली, कागदावर काही जागी ‘ढग’, ‘वाऱ्याचे बुडबुडे’ असे शब्द लिहून. वाद्यवृंद बोलावला नाही. तो कागद वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बीशायर यांच्या हाती गेला. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेल्या या बाईंनी डिक मिल्स यांच्या मदतीने त्यातून जे घडवलं ते आजही ऐकताना अंगावर काटा आणतं.

तेव्हा किबोर्डवर सूर वाजवणारे सिंथेसायझर बाजारात नव्हते. डर्बीशायर यांच्याकडे होते ते ऑसिलेटर, म्हणजे उपकरणं तपासण्यासाठी एकच स्थिर सूर काढणारी यंत्रं. शिवाय एका ताणलेल्या तारेचा टणत्कार, आणि फिल्टरमधून गाळलेला खरखराट. यातला एकेक आवाज टेपवर घ्यायचा. तारेचा टणत्कार टेप कमी-जास्त वेगाने चालवून वेगवेगळ्या पट्टीत न्यायचा, आणि मग हवा तेवढ्या लांबीचा तुकडा पात्याने कापायचा. टेप सेकंदाला १५ इंच धावते असं धरलं तर अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे साडेसात इंच टेप. असे तुकडे ओळीने चिकटवत गेलं की झाली खर्जाची ओळ. वरची ती ओरडत घसरत जाणारी चाल वेगळ्या टेपवर, फुत्कार वेगळ्या टेपवर. अनेक पदर एकाच टेपवर घेणारं यंत्र नव्हतं, म्हणून ही वेगवेगळी यंत्रं एकाच क्षणी सुरू करायची आणि ती एकत्र चालतील अशी आशा करायची. एकदा सगळं जुळवल्यावर कुठेतरी एक सूर चुकत होता, सापडेना. तेव्हा त्यांनी टेप लांबलचक कॉरिडॉरमध्ये शेजारी शेजारी उलगडल्या आणि जोड बघत बघत चालत गेले. एका टेपवरचा जोड बाकीच्यांच्या रांगेत नव्हता. चूक तिथे होती.

तयार संगीत ऐकून ग्रेनर चकित झाले. हे मीच लिहिलं का, असं त्यांनी विचारलं, आणि मानधनातला अर्धा वाटा डर्बीशायर यांना मिळावा अशी त्यांची इच्छा होती. बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. वर्कशॉपचे लोक पगारदार, त्यांचं नावही पडद्यावर येत नसे. डेलिया डर्बीशायर २००१ मध्ये गेल्या. पडद्यावर त्यांचं नाव झळकलं २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नाशीच्या विशेष भागात. हे लिहितानाही वाईट वाटतं.

यान सुटतानाचा तो घरघरता, श्वास घेतल्यासारखा आवाज ब्रायन हॉजसन यांचा. पियानोचा जुना सांगाडा घेतला, आईच्या घराची किल्ली घेतली, आणि ती खर्जाच्या तारांवरून खरवडत नेली. मग ते मुद्रण मंद केलं, उलटंसुलटं फिरवलं, प्रतिध्वनी दिला. बस. साठ वर्षं झाली तरी तो आवाज बदललेला नाही.

शीर्षकाचं चित्रही आवाजाच्याच चुलतभावासारखं आहे. मायक्रोफोन स्पीकरसमोर धरला की कर्कश शिट्टी वाजते, कारण निघालेला आवाज पुन्हा आत शिरतो आणि वाढत जातो. कॅमेरा स्वतःचंच चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे वळवला तर चित्राचंही तेच होतं. पडद्यात पडदा, त्यात पडदा, आणि मध्येच उजेडाचा ठिपका टाकला की तो फुलत, वाहत, धुरासारखा पसरत जातो. नॉर्मन टेलर या तंत्रज्ञाने हे आधी करून पाहिलं होतं. बर्नार्ड लॉज यांनी त्यातून शीर्षक रचलं. संगणक नाही, रेखाटलेली एकही चौकट नाही.

२३ नोव्हेंबर १९६३ ला, शनिवारी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास पहिला भाग प्रक्षेपित झाला. आदल्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. कार्यक्रम ऐंशी सेकंद उशिरा सुरू झाला आणि लोकांचं मन त्यात नव्हतं. प्रेक्षक सुमारे ४४ लाख. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवला गेला. मालिका तगेल की नाही याची खात्री कुणालाच नव्हती.

तिला वर काढलं ते नेमकं न्यूमन यांनी नको म्हटलेल्या गोष्टीने. टेरी नेशन यांनी लिहिलेल्या दुसऱ्या कथेत डॅलेक होते: अणुयुद्धानंतर विद्रूप झालेले, धातूच्या कवचात राहणारे जीव. लॅम्बर्ट त्या कथेच्या पाठीशी ठाम उभ्या राहिल्या. कवचाचा आराखडा रेमंड क्युसिक यांनी केला, आणि त्यांची विचार करण्याची पद्धत मला फार आवडते. तोवरचे पडद्यावरचे राक्षस म्हणजे रबरी कपडे घातलेला माणूस. कितीही सजवा, दोन पाय दिसतातच आणि पाय दिसले की माणूस कळतोच. क्युसिक यांनी आत बसलेला माणूस गृहीत धरला, त्याच्याभोवती रेघ काढली आणि पाय झाकून टाकले. खाली चाकं. आतला माणूस पावलांनी ढकलत सरकायचा. कसं सरकायचं हे समजावताना त्यांनी टेबलावरची मिरपुडीची डबी सरकवून दाखवली होती. हाताच्या जागी मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी प्लंजर, कारण यांत्रिक पंजा परवडणारा नव्हता. चार डॅलेक बनले. गर्दी दाखवायची तर मागे त्यांची मोठी छायाचित्रं कापून उभी केली.

त्यांचा आवाज पुन्हा हॉजसन यांचा. नट पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम बाजूला बसून मायक्रोफोनवर बोलायचे, आणि आवाज ‘रिंग मॉड्युलेटर’ नावाच्या उपकरणातून जायचा. ते नेमकं काय करतं? आपल्या आवाजात एकाच वेळी अनेक कंपनं असतात, आणि त्यांचं आपसात सुरेल नातं असतं: १००, २००, ३०० असं. मॉड्युलेटर या आवाजाला सेकंदाला सुमारे ३० कंपनांच्या एका गुंजारवाने गुणतो. गुणाकारात मूळ कंपन नाहीसं होतं आणि त्याची दोन होतात, एक तीसने वर, एक तीसने खाली. २०० चे झाले १७० आणि २३०. ३०० चे २७० आणि ३३०. सुरेल नातं तुटलं. कानाला शब्द कळतात, पण हे कुठल्या गळ्यातून आलेलं नाही हेही कळतं. डॅलेकच्या डोक्यावरचे दिवे कवचाच्या आतला माणूस संवादाबरोबर लुकलुकवायचा, नाहीतर चौघांतला बोलतोय कोण हे समजलंच नसतं.

या कथेचा पहिला भाग १५ नोव्हेंबरला मुद्रित झाला आणि वाया गेला. निर्मिती-सहायकाच्या सूचना हेडफोनमधून गळून ध्वनिमुद्रणात शिरल्या होत्या. फ्लोअरवर कुणाला पत्ताच नाही, टेप ऐकल्यावर कळलं. नुसता आवाज पुसून नवा भरण्याची सोय कुठली? ६ डिसेंबरला सगळा भाग पुन्हा खेळला, आणि २१ डिसेंबरला प्रक्षेपित. शेवटी डॅलेक दिसतच नाही. कॅमेराच डॅलेक होतो, पडद्याच्या कडेने तो रबरी प्लंजर पुढे येतो आणि भिंतीला टेकलेली इतिहासाची शिक्षिका बार्बरा किंचाळते. प्रेक्षकांना पूर्ण डॅलेक पाहायला आठवडाभर थांबावं लागलं. सात भागांची ती कथा संपेपर्यंत प्रेक्षक एक कोटीच्या घरात गेले. क्युसिक पगारी नोकर होते, डॅलेकच्या खेळण्यांच्या प्रचंड विक्रीतला वाटा त्यांना मिळाला नाही.

तीन वर्षांनी हार्टनेल यांना प्रकृतीमुळे थांबणं भाग होतं. मुख्य नटच गेला तर मालिका संपते. इथे मात्र ठरलं की डॉक्टरचं शरीर बदलेल. २९ ऑक्टोबर १९६६ ला हार्टनेल यांचा चेहरा विरघळून पॅट्रिक ट्रॉटन यांचा झाला. दोघांना सारख्याच अवस्थेत आडवं झोपवून दोन कॅमेरे रोखले होते. व्हिजन मिक्सर शर्ली कॉवर्ड यांच्या लक्षात आलं होतं की त्यांच्या डेस्कवरचा एक सरकता खटका बिघडलाय: तो हलवला की चित्र भगभगीत पांढरं होतं. दुरुस्तीला पाठवण्याऐवजी त्यांनी तो वापरला. दोन चेहऱ्यांमधला सांधा त्या पांढऱ्या उजेडात बुडून गेला.

तो भाग आज पूर्ण उपलब्ध नाही. चेहरा बदलण्याचा तेवढा तुकडा उरला आहे, कारण ‘ब्ल्यू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात तो दाखवला गेला होता. टेपा महाग होत्या हे वर आलंच. शिवाय नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने भाग कितीदा दाखवायचे यावर बंधन होतं, घरी विकत घेऊन बघण्याची कल्पनाच नव्हती. म्हणून टेपा पुसल्या गेल्या. परदेशी वाहिन्यांना विकायला पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून १६ मिलिमीटरच्या प्रती काढत. पुढे त्यांतल्याही बऱ्याच नष्ट केल्या गेल्या, १९७८ पर्यंत. १९६० च्या दशकातल्या २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक आज नाहीत. जे परत मिळालेत त्यांतले बरेच अशाच दूरवर गेलेल्या प्रतींमुळे. २०१३ मध्ये नऊ हरवलेले भाग नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका टेलिव्हिजन केंद्रात मिळाल्याचं जाहीर झालं.

१९६४ मधली, बहुतेक भाग वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केलेली मार्को पोलोची सात भागांची कथा मात्र अजून एकाही प्रतीत सापडलेली नाही. पण तिचा आवाज आहे. तेव्हाच्या काही प्रेक्षकांनी घरच्या टेलिव्हिजनचा आवाज टेपरेकॉर्डरवर धरून ठेवला होता. आणि जॉन क्युरा नावाचे एक गृहस्थ पडद्याचे फोटो काढून नट-दिग्दर्शकांना विकत, कारण आपलं काम पुन्हा पाहायचा दुसरा मार्गच त्यांना नव्हता. एकेका भागाचे साठ-सत्तर फोटो. आज ती कथा बघायची तर हे फोटो एकामागून एक सरकतात, मागे तो घरी धरलेला खरखरता आवाज चालतो, आणि त्यात हार्टनेल एखाद्या वाक्यावर किंचित थबकतात आणि पुढे जातात.